जाड चष्म्यामागचा पडदा

तिने जुना केसपेपर जपून ठेवला होता. प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घालून. ओपीडीत माझ्यासमोर तो उलगडत ती म्हणाली, ‘‘मॅडम, मी तुमचीच जुनी पेशंट.’’ अक्षर माझेच होते. उजवा डोळा मायनस अकरा, डावा मायनस साडेनऊ, ‘चष्मा बदलावा’, खाली सही. तारीख साधारण दोन वर्षांपूर्वीची. त्याखाली कागद कोरा होता.

ती सव्वीस वर्षांची, तालुक्याच्या गावी शिवणकाम करणारी. डाव्या डोळ्यासमोर खालून काळे काहीतरी वर चढत आल्यासारखे तिला आठ दिवसांपासून दिसत होते. त्याआधी दोन-तीन आठवडे अंधारात वीज चमकल्यासारखे होई, डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत. कोणी अशक्तपणा म्हणाले, कोणी डोक्यावर तेल घालायला सांगितले. चष्म्याच्या दुकानात जाऊन तिने काचाही बदलून घेतल्या. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणी येत नव्हते. त्यामुळे ‘नंबर वाढला असेल’ असाच तिचा समज होता.

थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आत पाहिले. डाव्या डोळ्याचा पडदा वरच्या बाजूला फाटून सुटला होता आणि सुटत सुटत मध्यबिंदूच्या खाली आला होता. पडद्यावर चित्र उलटे पडते, म्हणून वरचा पडदा सुटला की काळोख खालून वर येतो. मोठ्या शहरात तिची शस्त्रक्रिया झाली, पडदा परत बसला. पण गेलेली नजर सगळी परत आली नाही. त्या डोळ्याने तिला आता तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी वाचता येतात. सुईत दोरा ओवायला उजवाच डोळा.

तिने तो केसपेपर मला दोष द्यायला आणला नव्हता. त्या कागदावर आणखी एक ओळ असायला हवी होती, हे तिला ठाऊकच नव्हते. मला मात्र होते. त्या दिवशी ओपीडीत शंभरावर रुग्ण होते, थेंब घालून बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो आणि तिला दुपारची एसटी पकडायची होती. ही कारणे खरी आहेत, पण ती पुरेशी नाहीत. तेव्हा पडदा तपासला असता तर काही सापडलेच असते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ‘वीज चमकली, ठिपके वाढले, सावली आली तर त्याच दिवशी ये’ एवढे तिला सांगितले असते, तर ती मध्यबिंदू शाबूत असतानाच आली असती, असे मला मनापासून वाटते. आजचा लेख त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे.

नंबर म्हणजे डोळ्याची लांबी

मायनस नंबर म्हणजे दूरचे अंधूक दिसणे, आणि त्याला उपाय चष्मा, एवढेच आपल्याला माहीत असते. हा नंबर येतो कुठून? जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या माणसाचा २३ ते २४ मिलिमीटर. ही वाढ योग्य ठिकाणी थांबली तर दूरच्या वस्तूचे चित्र बरोबर पडद्यावर पडते. काही मुलांत ती थांबत नाही. डोळा लांबट होत जातो, चित्र पडद्याच्या अलीकडे पडते आणि दूरचे अंधूक दिसू लागते. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर. मायनस नऊचा डोळा साधारणपणे तीन-साडेतीन मिलिमीटरने अधिक लांब असतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण चोवीस मिलिमीटरच्या डोळ्यात ही वाढ सातवा-आठवा हिस्सा झाली.

आता पडद्याचा विचार करा. दृष्टिपटल, ज्याला आपण डोळ्याचा पडदा म्हणतो, ते डोळ्याच्या आतल्या बाजूला मागे चिकटलेले असते. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. डोळा लांबला की पडद्यालाही लांबावे लागते, पण त्यासाठी नवीन पेशी तयार होत नाहीत. कणकेचा गोळा तेवढाच घेऊन पोळी मात्र मोठी लाटावी, तसे होते. पोळी विरळ होते, कडेला तर फारच, आणि एखाद्या जागी भोक पडते. चष्म्याची काच प्रकाश नेमका पडद्यावर आणून सोडते. ताणलेला पडदा मात्र ताणलेलाच राहतो.

सर्वसाधारणपणे मायनस सहा किंवा त्याहून जास्त नंबरला आम्ही ‘जास्त मायनस’ म्हणतो. सहाच्या आत धोका नसतो आणि सहानंतर अचानक सुरू होतो, असे नाही. तो नंबराबरोबर चढत जातो.

कडेचा धोका, मध्याचा धोका

डोळ्याच्या पोकळीत काचेसारखा पारदर्शक गर असतो. वयानुसार तो पातळ होतो, आकसतो आणि पडद्यापासून सुटा होतो. बहुतेकांत हे पन्नाशी-साठीनंतर घडते, जास्त मायनसवाल्यांत बरेच आधी. सुटताना हा गर पडद्याला ओढतो, आणि त्या ओढीमुळे वीज चमकल्यासारखे दिसते. पडदा जिथे विरळ झालेला असतो तिथे तो फाटू शकतो. मग पातळ झालेला गर फटीतून पडद्यामागे शिरतो आणि ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटू लागतो. त्या मागच्या थरातूनच पडद्याच्या पेशींना प्राणवायू मिळत असतो. तो तुटला की पेशी मरू लागतात.

घाबरून जाऊ नये म्हणून आकडाही सांगते. सर्वसाधारण लोकसंख्येत असा पडदा दर वर्षी दहा हजारांत साधारण एकाचा सुटतो. मायनस तीनच्या पुढे हा धोका सुमारे दहापट होतो. म्हणजे दहापट होऊनही तो हजारात एकाच्या आसपासच राहतो. जाड चष्मा असलेल्या बहुतेकांचा पडदा आयुष्यभर जागेवर असतो. पण ज्या एकाचा सुटतो, त्याच्यासाठी वेळेला फार किंमत असते.

पडदा नुसता फाटलेला असताना सापडला तर फटीभोवती लेझरचे डाग देऊन ती बंद करता येते. काही मिनिटांचे काम, भरती व्हायची गरज नाही. पडदा सुटल्यावर मात्र ऑपरेशन थिएटर, डोळ्यात वायू किंवा सिलिकॉन तेल, कित्येक दिवस पालथे झोपणे, तेल घातले असेल तर ते काढायला पुन्हा एक शस्त्रक्रिया. इतके करूनही मध्यबिंदू सुटलेला असेल तर नजर पूर्ण परत येईलच असे नाही. शंभर वर्षांपूर्वी तर हा आजार म्हणजे जवळजवळ हमखास अंधत्व. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातील ज्यूल गोनँ या नेत्रतज्ज्ञाने १९२० च्या दशकात दाखवून दिले, की मूळ दुखणे पडद्याची फट हे आहे, ती शोधून बंद केली तर पडदा बसतो. साधने बदलली, पण आजही आम्ही तेच करतो. आधी फट शोधतो.

दुसरा धोका पडद्याच्या मध्यभागी. वाचणे, चेहरा ओळखणे, सुई ओवणे ही सगळी बारीक नजर एका लहानशा मध्यबिंदूत असते. खूप ताणलेल्या डोळ्यात या मध्यबिंदूखालचे थर झिजतात, त्यांना बारीक चिरा पडतात. कधी त्या चिरांतून नाजूक, नको असलेल्या रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यातून रक्त झिरपते. रुग्ण सांगतो, दाराची चौकट वाकडी दिसते, फरशीच्या रेघा नागमोडी दिसतात. या रक्तवाहिन्या डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनने आटोक्यात येतात, आणि जितक्या लवकर तितक्या चांगल्या. नुसती झीज असेल तर ती भरून काढणारे औषध आज आपल्याकडे नाही. जपान आणि चीनमधील पाहण्यांमध्ये जास्त मायनसमुळे होणारी ही झीज अंधत्वाच्या प्रमुख कारणांपैकी एक असल्याचे दिसले आहे. याखेरीज अशा डोळ्यांत काचबिंदूचा धोका वाढतो आणि मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो.

‘नंबर उतरवला’ म्हणजे काय झाले?

आपल्या समाजात जाड चष्म्याकडे दोनच प्रसंगी गांभीर्याने पाहिले जाते: लग्न आणि भरती. मुलगी दाखवायच्या आधी चष्मा काढायचा असतो, पोलीस किंवा सैन्यभरतीच्या आधी नंबर उतरवायचा असतो. लेझर करून घेण्याला माझा विरोध नाही. डोळा योग्य असेल तर ती चांगली शस्त्रक्रिया आहे. पण तिने काय होते आणि काय होत नाही, हे कळले पाहिजे. लेझरने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा बाक बदलतो. म्हणजे चष्म्याचे काम डोळ्याच्या पुढच्या भागावरच करून घेतलेले असते. मागे डोळा तेवढाच लांब आणि पडदा तेवढाच ताणलेला. मायनस नऊचा नंबर उतरवलेल्या माणसाचा पडदा मायनस नऊचाच राहतो.

मला यातली वेगळी भीती वाटते. शस्त्रक्रियेनंतर तो माणूस चष्म्याशिवाय स्वच्छ पाहतो आणि आपला नंबर विसरून जातो. दहा वर्षांनी तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो तेव्हा त्या डॉक्टरलाही काही कळायला मार्ग नसतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तसेच. कृत्रिम भिंग बसते, जाड चष्मा सुटतो आणि जुना नंबर कागदावरून नाहीसा होतो. म्हणून विनंती आहे, की लेझरच्या आधीचा नंबर लिहून ठेवा आणि पुढे कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला तो न विचारता सांगा.

याच्या उलट काही गोष्टींची उगाच धास्ती घेतली जाते. गरोदर बाईला जास्त मायनस नंबर असला, तर कळा देताना पडदा सुटेल म्हणून सिझेरियनच करा, असे घरचे लोक सांगत येतात. केवळ नंबर जास्त आहे म्हणून सिझेरियन करावे, याला आधार नाही. मुलाला मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला तर नंबर वाढत नाही, हाही समज चुकीचा. तसे करून फायदा दिसलेला नाही. गाजर, डोळ्यांचे व्यायाम, पहाटेचे दव यांनी लांबलेला डोळा आखूड होत नाही. सूर्याकडे टक लावून पाहण्याने तर पडदा भाजतो.

मुलांच्या डोळ्यांसाठी

मोठ्यांचा डोळा आखूड करता येत नाही, पण मुलांचा लांबण्याचा वेग कमी करता येतो. हे आता महत्त्वाचे झाले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातील जवळपास निम्म्या लोकांना मायनस नंबर असेल, आणि साधारण दहांतल्या एकाला जास्त मायनस. दिल्लीतील शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत सुमारे १३ टक्के मुलांना मायनस नंबर आढळला होता. नंबर जितक्या लहान वयात लागतो, तितका तो मोठेपणी जास्त होण्याची शक्यता असते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मोकळी हवा आणि दिवसाचा उजेड. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत जवळपास ४० टक्के मुलांना. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर घालवावेत असा कार्यक्रम राबवला. आपल्याकडे पीटीचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांनी आणि क्लासवरून क्लासला नेणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. ज्या मुलाचा नंबर भरभर वाढतो आहे, त्याच्यासाठी अट्रोपीनचे अगदी सौम्य थेंब आणि खास प्रकारचे चष्मे आता उपलब्ध आहेत. ते वापरायचे की नाही हे मात्र नेत्रतज्ज्ञालाच ठरवू द्यावे.

एक ओळ, एक शिक्का

माझ्या डोळ्याचे काय, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नंबर मायनस सहा किंवा त्याहून जास्त असेल, किंवा लेझरपूर्वी तसा असेल, तर वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर होते ती तपासणी नंबराची. तिच्यात पडद्याची कड दिसत नाही. थेंब घातल्यावर काही तास जवळचे अंधूक दिसते, उजेड सहन होत नाही, म्हणून सोबत कोणीतरी न्या आणि गाडी स्वतः चालवू नका. महिन्यातून दोन-चारदा एक डोळा झाकून दुसऱ्याने फरशीच्या रेघा, दाराची चौकट पाहा, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचे उणे झाकून टाकतो, आणि बऱ्याच जणांना एका डोळ्याची नजर गेल्याचे योगायोगानेच कळते. वर्षानुवर्षे तरंगणारे एक-दोन ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. पण अचानक ठिपक्यांचा पाऊस पडला, वीज चमकू लागली किंवा एका बाजूने सावली सरकू लागली, तर ‘सोमवारी बघू’ म्हणू नका. दुखत नसले तरी ही डोळ्याची तातडीची अवस्था आहे.

पण सगळी जबाबदारी रुग्णावर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. अंधत्व नियंत्रणाचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याने मोतीबिंदूवर भर दिला आणि ते योग्यच होते, कारण सर्वांत जास्त अंधत्व त्यामुळे होते आणि ते घालवता येत होते. शाळांमधून मुलांचे डोळे तपासले जातात, चष्मेही वाटले जातात. पण चष्मा हातात पडला की आपली नोंद तिथेच संपते. मायनस सातचा चष्मा घेऊन गेलेल्या आठवीतल्या मुलीला, तिच्या आईला किंवा तिच्या वर्गशिक्षिकेला ‘दर वर्षी पडदा तपासा’ असे कोणी सांगत नाही. माझ्या मते जिथे जास्त मायनसचा चष्मा लिहिला जातो, मग ते सरकारी रुग्णालय असो, शाळेतले शिबिर असो की बाजारातले दुकान, तिथे त्या कागदावर ही ओळ असलीच पाहिजे.

सहकाऱ्यांचा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो एके काळी माझाही होता. इतक्या गर्दीत प्रत्येकाची बाहुली मोठी करत बसलो तर ओपीडी संध्याकाळपर्यंत चालेल, आणि शंभर जणांना तपासल्यावर लेझर लागणारे सापडणार मोजकेच. दुसरा भाग खरा आहे. कडेचे विरळ डाग अनेकांत असतात आणि त्यातल्या बहुतेकांना काही करावे लागत नाही. पण पहिला भाग तितका खरा नाही. प्रत्येक मायनसवाल्याला नव्हे, फक्त सहाच्या पुढच्यांना तपासायचे आहे, आणि असे रुग्ण एका दिवसात थोडेच असतात. शिवाय त्या तपासणीत नुसत्या फटी शोधायच्या नसतात. समोर बसलेल्या माणसाला त्याच्या डोळ्याबद्दल दोन वाक्ये सांगायची असतात. त्या मुलीला त्या दोन वाक्यांचीच गरज होती.

त्यानंतर आम्ही आमच्या विभागासाठी एक रबरी शिक्का करून घेतला. ‘जास्त मायनस. पडदा तपासला, दिनांक. पुढील तपासणी, दिनांक. वीज, ठिपके, सावली दिसल्यास त्वरित यावे.’ दोन तारखा हाताने भरायच्या. लांबून येणाऱ्यांना आम्ही सकाळी आल्या आल्या थेंब घालतो, म्हणजे दुपारची एसटी चुकत नाही. गर्दीत कधी शिक्का राहून जातो, हेही कबूल करते. पण कोरी जागा दिसली की सिस्टर आता विचारतात, ‘‘मॅडम, शिक्का?’’

ती मुलगी दर वर्षी येते. उजव्या डोळ्याच्या कडेला दोन बारीक छिद्रे सापडली होती, त्यांना लेझर केले. दुकानाच्या शटरच्या आडव्या पट्ट्या रोज एकेका डोळ्याने पाहून मगच ती मशीनवर बसते. गेल्या खेपेला ती एकटी आली नव्हती. धाकट्या भावाला घेऊन आली होती. बारावीत आहे, नंबर मायनस सात. भरतीसाठी लेझर करायचे म्हणत होता. ‘‘ते नंतर कर,’’ तिने त्याला माझ्यासमोरच सांगितले, ‘‘आधी थेंब घालून घे.’’